कामाला काठ असू द्या



पत्रांचा गठ्ठा या वेळी चांगला जाड आहे. कैरीच्या लोणच्याला बुरशी कशानं येते, रेशमी साडीवरचा तेलाचा डाग कसा काढायचा, हे प्रश्न पुढच्या अंकात घेते, रागावू नका. आज सगळी जागा येवल्याहून आलेल्या एका पत्राला द्यायची आहे. नाव अर्थातच छापत नाही. बाई चाळिशीच्या अलीकडच्या. घरात दोन हातमाग, दोन्हींवर पैठणी. एका मागावर यजमान बसतात, दुसऱ्यावर या. घरी सासूबाई, दहावीतली मुलगी, सातवीतला मुलगा. पत्रात रडगाणं नाही, नुसता दिवस सांगितला आहे. पाचला उठायचं, नळाला पाणी येणार असेल त्या दिवशी त्याच्याही आधी. चहा, डबे, सासूबाईंचा नाश्ता, धुणं. दहाला मागावर. मधे उठून जेवणं वाढायची, मागचं आवरायचं, पुन्हा मागावर. संध्याकाळी भाकऱ्या टाकून झाल्या की कांड्या भरायला बसायचं, कारण सकाळी दोन्ही मागांना त्या तयार हव्यात. लग्नसराईच्या ऑर्डरी असल्या की रात्री आणखी दोन तास.

आणि शेवटी, सहज आठवलं म्हणून लिहावं तसं लिहिलंय, की पूर्वी साडी मागावरून उतरली की पदरावरून हात फिरवावासा वाटायचा, शेजारणीला हाक मारून दाखवावीशी वाटायची. आता घडी घालताना तिच्याकडे बघावंसंसुद्धा वाटत नाही. माहेरी जाऊन दोन दिवस पोटभर झोपलं तरी परत येताना पाय जडच. मुलावर उगाच हात उगारला जातो. एवढं काम सांभाळायची काही युक्ती असेल तर सांगा, असं विचारलं आहे.

युक्त्या सांगते. पण आधी त्या शेवटच्या चार ओळींकडे बघू या, कारण खरं दुखणं तिथं आहे. दमणं वेगळं आणि वीट येणं वेगळं. दमलेल्या बाईला रात्रभर झोप मिळाली की ती सकाळी उठून पुन्हा कामाला लागते. वीट आलेल्या बाईला झोप पुरत नाही. जे काम तिला येतं, जे ती चांगलं करते, तेच तिला परकं वाटायला लागतं. ज्या माणसांसाठी करते त्यांच्यावरच ती चिडते. आणि आपल्याला काही जमतच नाही असं तिच्या मनानं घेतलेलं असतं. १९७४ साली न्यूयॉर्कमधल्या हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं या अवस्थेवर लिहिलं. तो मोफत दवाखान्यांत काम करणाऱ्या सेवाभावी माणसांबद्दल बोलत होता. जीव ओतून काम करणारीच माणसं अशी आतून विझतात, हे त्याला दिसलं होतं. त्यालाच 'बर्नआउट' म्हणतात. आळशी माणसाला हे होत नाही, बरं का!

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये आपल्या आजारांच्या यादीत या अवस्थेची नोंद घेतली. आजार म्हणून नाही, नोकरी-धंद्यातल्या सततच्या ताणाचा परिणाम म्हणून. आणि सोबत एक अट घातली, की हा शब्द फक्त कामाच्या ठिकाणापुरता वापरावा, आयुष्यातल्या इतर गोष्टींना लावू नये. आता सांगा, येवल्याच्या या बाईचं कामाचं ठिकाण कोणतं? माग पुढच्या खोलीत आहे आणि चूल मागच्या. मधे फक्त एक उंबरा. कांडी भरता भरता ती दूध उतू जातंय का बघते, आणि भाकरी थापता थापता पदरावरच्या मोराच्या गळ्याला कुठला निळा घ्यायचा हे तिच्या डोक्यात चाललेलं असतं. त्या अटीत ती कुठं बसणार! ज्यांनी व्याख्या केली त्यांना बहुधा ऑफिसात जाऊन संध्याकाळी घरी येणारी माणसंच डोळ्यांपुढे होती.

ज्यांच्या घरी माग नाही त्यांनी हे पान उलटू नये. तुमच्याकडे शिलाई मशीन असेल, शिकवण्या असतील, डब्यांचं काम असेल, नाही तर सकाळी साडेनऊची बस गाठून केलेली नोकरी असेल. माग म्हणते तिथं आपापलं काम वाचा.

पैठणीचं काम कसं असतं ते थोडं सांगते, कारण ते कळल्याशिवाय बाईचा दिवस कळायचा नाही. येवल्यात रेशीम बहुतेक बंगळूरकडून येतं, जर सुरतेहून. रेशीम उकलायचं, रहाटावर कांड्या भरायच्या. जुना ताणा संपला की त्याच्या टोकाला नव्या ताण्याचा एकेक धागा पीळ देऊन जोडायचा. असे हजारो धागे. मग विणकाम. पदरावरची नक्षी बाहेरून भरलेली नसते. ती विणतानाच, ताण्याचे धागे मोजून, प्रत्येक रंगाच्या वेगळ्या छोट्या कांडीनं अंगातच घालायची असते. म्हणून अस्सल पैठणीचा पदर उलटा केला तरी नक्षी जवळजवळ तशीच दिसते. बारीक काठाची साधी साडी काही आठवड्यांत होते. भरजरी पदराच्या आणि अंगभर नक्षीच्या साडीला सहा महिने, वर्षसुद्धा लागतं. या सगळ्यात विणणं तेवढं 'काम' म्हणून धरलं जातं. मजुरी साडीमागे मिळते आणि ती मागावर बसणाऱ्याच्या नावानं. उकलणं, कांड्या भरणं, सांधणं हे 'घरातल्या बायका करतात'. म्हणजे ते काम झालं नाही, हवापाण्यासारखं आपोआप झालं! आता बायका मागावरही बसतात. २०१९-२० च्या हातमाग गणनेत देशातल्या विणकरांपैकी सुमारे ७२ टक्के स्त्रिया निघाल्या, त्यांत ईशान्येकडच्या बायकांचा वाटा फार मोठा. पण बाई मागावर बसली म्हणून कांड्या दुसरं कोणी भरायला लागलं, असं काही फारसं घडलं नाही. काम वाढलं, जुनं गेलं नाही.

हे फक्त येवल्याचं नाही. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानं २०२४ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाईचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषाचा ८८ मिनिटं. मुळात घरकामाला हात लावणारे पुरुषच थोडे, त्यांचा हा हिशेब. पावणेपाच तासांचं बिनपगारी काम आधीच अंगावर घेऊन आपली बाई दहा वाजता मागावर बसते.

म्हणून मला असं वाटतं, की 'एवढं काम कसं सांभाळू' या प्रश्नाचं उत्तर झटपट काम करण्यात नाही. झटपट करणारीला आणखी काम मिळतं, हा आपला सगळ्यांचा अनुभव आहे. काम सांभाळायचं तर त्याला काठ हवा. इथं सुरू, इथं संपलं, हे दिसायला हवं. आणि पैठणीवाल्या बाईला मी काय सांगू, काठ आपोआप येत नाही, तो वेगळा विणावा लागतो.

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापडाचा उद्योग सुरू केला, तो पुढे लिज्जत म्हणून देशभर गेला. त्यांची पद्धत आठवून पाहा. मळलेलं पीठ केंद्रावरून वजन करून घरी न्यायचं, जेवढं लाटणं होईल तेवढंच. पापड परत द्यायचे, लाटणावळ घ्यायची. गोळा संपला की त्या दिवसाचं काम संपलं. कष्ट तिथंही काही कमी नसतात, पण पीठ तोललेलं असतं. आपल्या घरातलं काम कोणी तोललेलंच नाही, ही अडचण आहे.

तेव्हा पहिली गोष्ट, तोला. दुधाचा आणि इस्त्रीचा हिशेब आपण कालनिर्णयच्या पाठीवर लिहितोच. त्याच्याच बाजूला आठ दिवस रोज किती वेळ कशात गेला ते लिहा. कांड्या किती वेळ, धुणं किती, मुलाचा अभ्यास किती, सासूबाईंची औषधं आणि मालिश किती. खाडाखोड झाली तरी चालेल, खोटं लिहू नका. आठव्या दिवशी ते यजमानांसमोर ठेवा, आणि ठेवताना भांडणाचा सूर नको. ते स्वतः कारागीर आहेत. किती तासांत किती बोटं विणून होतात हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं. कांड्या भरण्याचे महिन्याचे तास त्यांच्या डोळ्यांसमोर आकड्यात आले की निदान 'बसल्या बसल्या भरते' हे वाक्य घरात पुन्हा ऐकू येणार नाही. परवडत असेल तर थोड्या कांड्या मजुरीनं भरून घ्या. गल्लीत एखादी आजी, एखादी नवी सून आनंदानं करील. परवडत नसेल तर जो दुसऱ्या मागावर बसतो त्यानं आपल्या मागाच्या कांड्या आपण भराव्यात. यात अन्याय काय आहे?

दुसरी गोष्ट, तारखेची. साडी कधी देणार, असं व्यापारी विचारतो तेव्हा आपण आपला सगळ्यात चांगला दिवस डोळ्यांपुढे ठेवून तारीख सांगतो, आणि मग ती पाळताना रात्री जागतो. असा हिशेब करा. पदर अजून २४ बोटं राहिला आहे आणि भरल्या नक्षीचा पदर तुम्ही पूर्ण दिवसात दोन बोटं विणता. म्हणजे बारा दिवस, असं तोंडातून निघून जातं. पण आठवड्यात मागावर पूर्ण दिवस बसायला मिळतं का? बाजाराचा दिवस गेला, शाळेत पालकसभा आली, पाहुणे आले, वीज गेली. पाच दिवस धरले तरी पुष्कळ. मग बारा दिवसांच्या कामाला सतरा दिवस लागणार, आणि मधे एखादा सण असला तर वीस. वीस सांगा. व्यापारी कुरकुर करील, एखादी ऑर्डर दुसरीकडे जाईलही. जाऊ द्या असं मी बसल्या जागेवरून सहज म्हणू शकते, तुमचा महिना त्यावर चालतो हे मला कळतं. पण रात्री थकल्या डोळ्यांनी विणलेल्या पदरात धागा चुकला तर तो उसवून पुन्हा विणायला सकाळ जाते, हेही तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. रात्रीचे दोन तास फुकट मिळालेले नसतात. ते दुसऱ्या दिवसातून काढून घेतलेले असतात.

काम थांबवायची वेळ ठरवायलाही हाच नियम लावा. धूळ बसू नये म्हणून आपण मागावर कापड टाकतोच. ते टाकण्याची वेळ ठरवून टाका, समजा सात. कापड पडलं की माग नाही आणि मागाच्या गोष्टीही नाहीत. हल्ली एक नवीनच त्रास झाला आहे. व्यापारी नक्षीचे फोटो व्हॉट्सअॅपवर रात्री दहाला पाठवतात आणि मुंबई-पुण्याची गिऱ्हाइकं व्हिडिओवर साडी कुठवर आली ते बघायला मागतात. दुकानाला शटर असतं, फोनलाही असावं. सात नंतरच्या निरोपाला सकाळी उत्तर दिलं म्हणून कोणाचं लग्न मोडलेलं नाही.

दुपारची विश्रांती मात्र कामाच्या शेवटी ठेवू नका, कारण शेवट येतच नाही. खड्ड्याच्या मागावर पाय खाली सोडून, मान वाकवून तासन् तास बसणं म्हणजे कंबर, मान आणि मनगटं तिन्ही गहाण टाकणं. तासाभरानं उठा. दोन मिनिटं अंगणात चाला, हात वर ताणा, लांबच्या झाडाकडे नाही तर आभाळाकडे बघा; जरीवरून नजर उचलून लांब बघितलं की डोळ्यांचे स्नायू सैलावतात. उजेड बाजूनं येऊ द्या, स्वतःचीच सावली धाग्यावर पडू देऊ नका. पाठीला घट्ट उशी घ्या. आणि पाणी प्या. पुन्हा पुन्हा उठावं लागतं म्हणून बायका पाणी पीत नाहीत, मग लघवीची जळजळ सुरू होते आणि त्यातून नवं दुखणं. उठावं लागलं तर उत्तमच, नाही तरी उठायचंच होतं. आणखी एक. यजमान न्याहारी करून मागावर बसतात आणि बाई चहावर. हे आजच्या आज बंद करा.

आता शरीराकडे येऊ. माहेरी झोपूनही थकवा गेला नाही, असं लिहिलंय, ते वाचून मला आधी शंका आली ती रक्ताची. २०१९ ते २१ दरम्यानच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. निम्म्याहून जास्त! हिमोग्लोबिन बाराच्या खाली असेल तर नुसत्या नियोजनानं काही होणार नाही, गोळ्याच घ्याव्या लागतील. सरकारी दवाखान्यात जाऊन रक्त तपासून घ्या, थायरॉइडचीही तपासणी डॉक्टरांना विचारा. लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर तिचा निम्मा गुण वाया जातो. लिंबूपाण्याबरोबर घ्या आणि चहा तासभर लांब ठेवा. गोळीनं शौचाला काळी होते, घाबरू नका. आणि पंधरा दिवस सलग मन उदास राहिलं, झोप उडाली, जगणं नकोसं वाटलं, तर ते 'कामाचा ताण' म्हणून अंगावर काढायचं नाही. केंद्र सरकारनं २०२२ मध्ये टेलिमानस नावाची फोनसेवा सुरू केली आहे. १४४१६ हा नंबर, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं, रात्रीबेरात्रीही.

घरात काय सोडून द्यायचं, हेही विचारायला हवं. सातवीतला मुलगा कुकर लावू शकतो. मुलगी दहावीत आहे म्हणून तिला मोकळं ठेवलंय, ठीक आहे. मग मुलगा सातवीत आहे म्हणून त्याला कशाला मोकळं ठेवायचं? त्याला 'आईला मदत कर' असं म्हणू नका. मदत म्हटलं की काम आईचंच राहतं आणि त्याला शाबासकी मिळते. डाळतांदूळ धुऊन कुकर लावणं हे तुझं काम, एवढंच सांगा. पहिले आठ दिवस भात गिचका होईल. सगळ्यांनी मुकाट्यानं खावा, सासूबाईंनीसुद्धा. सासूबाईंना बसल्या जागी लसूण सोलता येतो, शेंगा निवडता येतात, आणि खरं सांगायचं तर त्यांना त्यात बरंच वाटेल. म्हातारपणी कोणी काही सांगत नाही, हेच मोठं दुःख असतं.

तुम्ही म्हणाल, बाई बाजूला झाली तर घर चालणार कसं? येवल्याच्या बायकांना हे मी काय सांगावं. गावाजवळ कोटमगावला जगदंबेच्या देवळात नवरात्रात कितीतरी बायका घटी बसतात, नऊ दिवस घर सोडून. तेव्हा घरी काय होतं? कोणीतरी भाकरी भाजतं, कोणीतरी पाणी भरतं. घर चालतं. देवीसाठी जे नऊ दिवस चालतं ते बाईच्या कंबरेसाठी रविवारी दुपारी दोन ते पाच चालायला हरकत नसावी. देवी रागावणार नाही, तीही बाईच आहे.

आणि संक्रांतीचं बोलायलाच हवं. येवल्याचे पतंग साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहेत. भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस गाव गच्चीवर असतं. माग बंद, बऱ्याचशा दुकानांचे व्यवहार बंद, आसाऱ्या हातात, वाजंत्री, आरडाओरडा. बाहेरगावी नोकरीला गेलेली पोरं दिवाळीला येवोत न येवोत, संक्रांतीला येतात. सुटी कशी घ्यावी हे या गावाला कोणी शिकवायला नको. फक्त ती सुटी जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंतच आहे. खाली स्वयंपाकघरात त्याच तीन दिवसांत वर्षातलं सगळ्यात जास्त काम असतं. भोगीची मिश्र भाजी, बाजरीच्या तीळ लावलेल्या भाकऱ्या, गुळाच्या पोळ्या, तिळगूळ, हळदीकुंकवाची तयारी, आणि वर गच्चीवर दर तासाला चहा. मागाचा खटखटाट थांबतो तेव्हा तवा तापलेला असतो.

या वर्षी असं करून पाहा. गुळाची पोळी टिकाऊ आहे, नीट भाजून गार करून डब्यात भरली तर आठवडाभर छान राहते. त्या सगळ्या पोळ्या संक्रांतीच्या तीन दिवस आधी करून ठेवा. गूळ किसून घ्या, त्यात भाजून कुटलेले तीळ आणि थोडं भाजलेलं बेसन मिसळा म्हणजे सारण बाहेर येत नाही. कणकेत मोहन घाला. तिळगूळ आणखी आधी. भोगीची भाजी निवडायला गच्चीवर जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात आदल्या रात्री वाटाण्याच्या शेंगा द्या, बोलता बोलता सोलून होतात. चहाचा मोठा थर्मास आणि पेले वर नेऊन ठेवा, ज्याला हवा त्यानं ओतून घ्यावा. आणि संक्रांतीच्या दिवशी दुपारी तीनला, भांडी तशीच ठेवून, तुम्ही वर जा. पतंग उडवता येत नसेल तर आसारी धरा. तीही कोणालातरी धरावीच लागते.

कालनिर्णयची पाठ भरली की मला कळवा. कांड्यांचे महिन्याचे किती तास निघाले ते जरूर लिहा, आणि यजमान काय म्हणाले तेही.